तेरा वर्षांना एक महिना कमी

पौषात कुणी कार्य काढतं का? आमच्या सांगलीत पौषात लोक साखरपुड्याची बोलणीसुद्धा पुढे ढकलतात. त्यामुळे मिरियमचा फोन आला, "नातवाची बार मित्सवा ठरली, गुरुवारी, कोरेगावात. तू आदल्या दिवशी ये," तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हेच, "अगं, पण पौष आहे!"

"पौष तुमचा. आम्हाला चालतो," ती म्हणाली आणि लगेच कामाला लावलं. "येताना काळे बेदाणे आण. चांगले."

मिरियम माझी डी.एड.ची मैत्रीण. सांगलीच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली, नंतर दोघींनी जन्मभर पोरांना पाढे शिकवले. ती बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी यहुदी. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनाव कोकणातल्या एका गावावरून, शेवटी 'कर'. लग्न होऊन ती कोरेगावला गेली. तिचे सासरे रेल्वेत होते, कोरेगावला बदलून आले आणि तिथलेच झाले. नवरा सॅम्युएल. तो फौजेतून परतल्यावर त्याने ट्रॅक्टरचं गॅरेज टाकलं. सगळा तालुका त्याला शामूभाऊ म्हणतो.

बार मित्सवा म्हणजे काय, हे मला तिने वसतिगृहातच सांगितलं होतं. मुलाला तेरा वर्षं पुरी झाली की तो धर्मापुरता मोठा. मी म्हणाले होते, "म्हणजे मुंजच की." ती म्हणाली होती, "असेल." बायका परीक्षेच्या आदल्या दिवशी धर्मावर जेवढं बोलतात, तेवढंच आम्ही बोललो होतो.

मंगळवार, कवठे महांकाळ

बेदाणे सांगलीच्या बाजारातही मिळाले असते. पण मिरियमने "चांगले" या शब्दावर जोर दिला होता, आणि कवठे महांकाळला माझ्या एका विद्यार्थ्याची शेड आहे. सकाळच्या एसटीने गेले. रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, मण्यांनी भरत आलेल्या. पूर्वी या भागात कुसळंसुद्धा विचार करून उगवायची. आता कागदात गुंडाळलेले घड दिसतात आणि मला उगीचच अभिमान वाटतो.

विद्यार्थी औषध फवारायला गेला होता. शेडवर त्याची आई होती, डोक्यावर टॉवेल बांधलेली. मी काळे बेदाणे मागितले तशी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई, येवढं काळं बेदाणं? कुनाला रगत कमी पडलंया व्हय?"

"नाही हो, कार्य आहे. यहुदी मैत्रिणीकडे. ते लोक बेदाणे भिजवून, कुस्करून सरबत करतात आणि त्यावर देवाचं नाव घेतात."

"यहुदी म्हंजी कोन?"

आता शेडच्या दारात उभं राहून काय सांगायचं? मी म्हणाले, "मराठीच आहेत. देव एकच मानतात, आणि त्याचा फोटो नसतो."

"फोटू न्हाई? मग हार कुनाला घालत्यात?"

"घालतच नाहीत."

"लय सोपं हाय की मग!" असं म्हणून तिने वजन झाल्यावर पिशवीत आणखी दोन ओंजळी टाकल्या. "ऱ्हाऊ द्या. देवाला फोटू नसंना, पोराला तोंड हाय न्हवं."

बुधवार, कोरेगाव

सांगलीहून रेल्वेने निघताना मी बेदाणे, भडंग आणि डबाभर बासुंदी घेतली. कराडच्या पुढे थंडी खिडकीतून आत येऊ लागली. रहिमतपूरच्या आसपास ऊस तोडून मोकळी झालेली रानं, मध्येच पाचट पेटवल्याचा धूर, आणि फाटकाशी दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अडकून पडलेले. हा रस्ता मला नेहमीच आवडतो, आणि गाडी संथ असते याचीही मी कधी तक्रार करत नाही.

स्टेशनवर शामूभाऊ स्वतः जीप घेऊन आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ फौजी. माझी पिशवी ओढून घेत म्हणाले, "आवं ताई, बेदाणं आनलं का दगडं?" जीप चालवताना ते काहीतरी गुणगुणत होते. चाल भजनासारखी, शब्द अनोळखी. विचारलं तर म्हणाले, "एज्याचं हाय. रोज सांजच्याला पुण्यास्नं फोन करतो, मी ट्रॅक्टरखाली आसतो. त्यो म्हनतो, मी ऐकतो. आता माज्या बी डोक्यात बसलंया."

एज्या म्हणजे एझरा, नातू. आईवडिलांसोबत पुण्यात राहतो. शिडशिडीत, ओठावर कोवळी लव, आणि आवाज नुकताच फुटलेला. "शालन आजी, बसा" या तीन शब्दांत त्याचा आवाज दोनदा वर गेला आणि एकदा खाली आला. मुंजीला आमची मुलं आठ वर्षांची असतात, कौतुकाने लाडू खातात. या वयाच्या मुलाला पाहुण्यांसमोर उभं करून गायला लावणं म्हणजे धाडसच, असं मला वाटलं.

दाराच्या चौकटीला उजवीकडे एक लांबट डबी तिरकी बसवलेली. आत वचन लिहिलेलं चर्मपत्र असतं. घरातले आत-बाहेर करताना तिला बोटं लावून ओठांना लावतात. मीही लावली. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर मी फार विचार करत नाही.

जेवायला नारळाच्या दुधातलं मटण आणि भाकरी, माझ्यासाठी मुद्दाम कोरेगावच्या घेवड्याची उसळ. मी मटण खात नाही असं मिरियम अजून समजते. ते मी कधीच खायला लागले आहे. मी दोन्ही वाढून घेतलं आणि सवयीने बासुंदीची वाटी ताटाशेजारी ठेवली. मिरियमने ती चिमटीत धरून अशी अलगद उचलली की जणू त्यात पाल पडली होती.

"मटणाबरोबर दूध नाही गं. काही तास उलटू देत, मग खा."

"किती तास?"

"तू विसरशील एवढे."

मी बासुंदी विसरणाऱ्यांतली नाही, पण पाहुण्याने किती बोलायचं.

उन्हं उतरताना पुण्याहून छोटी बस आली. तिच्यातून हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे गृहस्थ, आणि त्यांच्यासोबत सात पुरुष उतरले. तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, पोथी बाहेर काढून वाचायची तर दहा प्रौढ पुरुष हवेतच, नऊ चालत नाहीत. ते आठ, शामूभाऊ आणि एझराचे वडील, असे दहा बरोबर भरत होते. पोथी म्हणजे चर्मपत्राची मोठी गुंडाळी, मखमल लावलेल्या लाकडी पेटीत उभी. हझ्झानांनी ती पुण्यापासून मांडीवर धरून आणली होती. शेजारचे तानाजीनाना ऊस सोडून बघायला आले होते, त्यांनी चपला काढल्या आणि पेटीला हात जोडले.

"शामू, तुमच्यात बी मुंज आसती व्हय रं?" त्यांनी विचारलं.

शामूभाऊ म्हणाले, "आसती. जानवं न्हाई, पर चामड्याचं पट्टं आस्त्यात."

मी हझ्झानांना विचारलं, की मुंजीत मुलाला मंत्र मिळतो, इथे काय मिळतं? ते हसले. "मिळत काही नाही. त्याच्यावर पडतं. आजवर त्याने काही चुकवलं तर बापाच्या माथी. उद्यापासून त्याचं त्याच्या माथी. आणि दहा मोजताना त्यात तो मोजला जातो." मुंजीत मातृभोजन असतं, आईच्या ताटात मुलगा शेवटचा घास खातो आणि सगळ्या बायका रडतात. यांच्यात रडणं कुठे ठेवलं आहे, हे मला कळेना.

मग कोरा चहा झाला. हझ्झानांनी एझराला जवळ बसवून पोथीतला धडा आणि त्याच्या आगेमागे म्हणायची स्तुती म्हणायला लावली. आवाज फाटत होता, पण पोरगं अडलं नाही. शामूभाऊ भिंतीला टेकून ओठ हलवत होते. हझ्झान खुशीत येऊन म्हणाले, "वा! जन्मतारीख काय रे तुझी?" एझराने जानेवारीतली तारीख सांगितली. ती अजून पुढे होती. "हो, इंग्रजी वाढदिवस नंतर येणारच," म्हणत हझ्झानांनी मोबाइल काढला, तारीख घातली, पाहिलं. पुन्हा घातली.

"मिरियमबाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही तेरा वर्षं कशी धरली?"

आता झालं होतं असं. एझरा जन्मला तेव्हा मिरियमने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर पौषातली शुद्ध नवमी पाहून ठेवली. त्या वर्षी पौषाबरोबर यहुद्यांचा शवात महिना चालला होता. दोन्ही महिने चंद्राचे, अमावास्या सरली की सुरू होणारे. तिने मनात गाठ मारली, पौष म्हणजे शवात. दर वर्षी पौषातल्या नवमीला तिने नातवाचं औक्षण केलं, आणि हझ्झानांना फोनवर "शवातची नवमी, ती पौषात पडते" असं ठणकावून सांगितलं. त्यांनीही तिच्या ठणकावण्यावर विश्वास ठेवला. पण आपल्याला जसा अधिक महिना येतो तसा त्यांनाही येतो, अदार नावाचा महिना ते दोनदा धरतात. फक्त आपली आणि त्यांची अधिकाची वर्षं वेगळी. या तेरा वर्षांत त्यांचा एक अधिक महिना जास्त झाला होता. या पौषाबरोबर चालला होता तेवेत. शवातला अजून महिना होता.

"दहा पुरुष भरले," हझ्झान म्हणाले, "पण मुलगाच भरत नाही."

मिरियम खाली बसली. "जन्मभर गणित शिकवलं गं मी," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून मी ते पदराआड केलं. बाहेर मांडव होता आणि स्वयंपाकघरात उद्याचे मसाले वाटून ठेवलेले होते.

शामूभाऊ पुढे सरसावले. "एका म्हैन्यानं काय हुतंय? फौजेत भरती व्हताना मी सा म्हैनं वाढवून सांगितलं हुतं. सरकारला चाललं."

"सरकारला चालतं, शामूभाऊ."

"मग म्होरच्या म्हैन्यात या पुन्यांदा."

हझ्झानांनी मान हलवली. पुढच्या महिन्यात समाजातले सगळे कोकणात एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे त्यांच्या लाडक्या प्रेषिताच्या, उरुसाला जाणार, मागोमाग लग्नं. आठ माणसं पुन्हा कोरेगावात आणणं जमणार नव्हतं. "पुण्याला सिनेगॉगमध्ये करू. तिथे दहाची चिंता नाही."

"पुन्याला मी येनार न्हाई," शामूभाऊ म्हणाले आणि गॅरेजकडे निघून गेले. एझराने त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग आजीकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला हा हट्ट कळेना. नातवाचा दिवस, पुणं काही लंकेत नाही! स्वयंपाकघरात नारळ खवताना मिरियमने सांगितलं.

"यांना तेरा पुरी झाली तेव्हा कोरेगावात यहुद्यांचं हे एकच घर. दहा कुठून आणायचे? सासरे म्हणाले, पुण्याला नेतो. रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी नेऊ, त्याच्या पुढच्या वर्षी नेऊ, असं करता करता हे भरती झाले. हिब्रूचं अक्षर येत नाही. आमच्या लग्नाच्या वेळी पुण्यात पोथीपाशी यांचं नाव पुकारलं, तर पोटात कळ आली म्हणून बाहेर पळाले. तेव्हापासून सिनेगॉगची पायरी चढले नाहीत. लग्न असो, सण असो, बाहेर गाडीपाशी उभे. नातवाचं कोरेगावातच करायचं म्हणून हट्ट धरला, सगळे म्हणतात, किती कौतुक! मला माहीत आहे ना. पुण्याला नातवाच्या वेळी आजोबाचं नाव पुकारणारच. त्याला भितात."

"फौजी माणूस?"

"फौजेत वाचायला लावत नाहीत," ती म्हणाली. मग पदराने नाक पुसून पुढे म्हणाली, "तो पोरगा यांच्याशिवाय उभा राहायचा नाही गं, शालन. आणि हे यायचे नाहीत."

गुरुवार, कोरेगाव

सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी पोथी उघडतात. शनिवारी गाडीत बसत नाहीत, म्हणून गुरुवार ठरला होता. दहा माणसं जमली होती, पोथी आली होती, तेव्हा प्रार्थना करायचीच, असं हझ्झानांनी ठरवलं. कार्य नाही तर नाही.

सकाळी थंडी मी म्हणत होती. मांडवात पुरुषांनी खांद्यावर शाली घेतल्या आणि डाव्या दंडाला व कपाळाला चामड्याच्या छोट्या डब्या पट्ट्यांनी बांधल्या. महिनाभर आधी सराव केलेला चालतो म्हणून एझरालाही बांधल्या. शामूभाऊंना हझ्झानांनी स्वतः बांधल्या. ग्रीसने रेघा काळ्या पडलेल्या त्या हातावर पट्ट्याचे वेढे पडत होते आणि शामूभाऊ टोचून घ्यायला आलेल्या लहान मुलासारखं दुसरीकडे बघत होते. आम्ही बायका डोक्यावर पदर घेऊन ओटीवर बसलो. तानाजीनाना मांडवाच्या कडेला, फाटकाशी उभे होते.

पोथी उघडली. वाचन तीन भागांत असतं, प्रत्येक भागाला एकाला नाव घेऊन बोलावतात. त्याने वाचनाआधी आणि नंतर स्तुती म्हणायची, मधलं हझ्झान वाचतात. दोघांना बोलावून झालं. तिसरं नाव एझराचं ठरलेलं होतं. हझ्झान थांबले, आणि कुणाला बोलवावं म्हणून पाहुण्यांवरून नजर फिरवू लागले.

"आजोबांना बोलवा," एझरा म्हणाला. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्यांना तेरा कधीच पूर्ण झालीत."

कुणीतरी हसलं. शामूभाऊंचा चेहरा उतरला. मिरियमने माझं मनगट धरलं.

"मला वाचता येत न्हाई," ते म्हणाले. सगळ्यांसमोर हे वाक्य त्यांनी बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

"वाचायचं मी," हझ्झान म्हणाले. "तुम्ही फक्त स्तुती म्हणायची."

"येते तुम्हाला," एझरा म्हणाला. "मी फोनवर चुकलो की ट्रॅक्टरखालून कोण ओरडतं मग?"

शामूभाऊंनी फाटकाकडे पाहिलं. मी मनात म्हणाले, गेले हे. पण फाटकाशी तानाजीनाना उभे होते, आणि ते म्हणाले, "जा की रं शामू. पोरगं बोलावतंय न्हवं."

ते पुढे गेले. हझ्झानांनी विचारलं, "वडिलांचं नाव?"

"इसाजी. रेल्वेतलं इसाजी," शामूभाऊ म्हणाले. जणू दुसरे कुणी इसाजी मनात येऊ नयेत.

हझ्झानांनी मान वर केली आणि खणखणीत पुकारलं, "शमुएल बेन इसहाक!" शमुएल, इसहाकाचा, म्हणजे इसाजींचा मुलगा. पोराला पुण्याला न्यायचं राहून गेलेल्या बापाचं नाव कोरेगावच्या मांडवात घुमलं आणि मला रडू आलं. मी ते आवरलंही नाही. मिरियम तर केव्हाचीच रडत होती.

शामूभाऊंनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला अडले. एझराचे ओठ हलले, पण हझ्झानांनी हात आडवा धरला. मग शामूभाऊंनी डोळे मिटले, ट्रॅक्टरखाली असताना मिटत असतील तसे, आणि ती स्तुती कोरेगावच्या हेलात, थोडी भजनाच्या अंगाने, शेवटपर्यंत म्हटली. वाचन झालं. नंतरचीही म्हटली, आणि या वेळी कुठेही अडले नाहीत.

"आता इथे," हझ्झान जरा घुटमळत म्हणाले, "खरं तर वडील एक वाक्य म्हणतात. याच्या करणीच्या दोषातून देवाने मला मोकळं केलं, असं."

म्हणणारं कुणी नव्हतं. शामूभाऊ खाली बघत उभे राहिले. तेवढ्यात मिरियम माझ्या शेजारून उठली.

"मी म्हणते," ती ओटीवरून म्हणाली. "सासऱ्यांनी हा दोष माझ्याच गळ्यात घातला होता. आज सुटले बाई मी!"

हझ्झानांसकट सगळे खो-खो हसले. शामूभाऊ हसले, मग त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. बायकांनी ओटीवरून गोळ्या-चॉकलेटं उधळली. ती एझरासाठी आणलेली होती, ती आजोबांच्या डोक्यावर पडली.

मग मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि त्यावर एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. कवठे महांकाळच्या बेदाण्यांचं सरबत चांदीच्या पेल्यातून सगळ्यांत फिरलं. तानाजीनानांनी मलिदा दोनदा मागून घेतला आणि हे पोहे आमच्या घरी का होत नाहीत, म्हणून बायकोला फोन लावला.

पाहुणे बसमध्ये चढायला लागले. हझ्झान पेटी छातीशी धरून शामूभाऊंसमोर थांबले. एझराची पुण्यातली तारीख ठरवायची होती, आणि तो विषय कसा काढावा हे त्यांना सुचत नव्हतं. कालचं "येनार न्हाई" आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. एझरा आजोबांच्या जवळ येऊन नुसता उभा राहिला.

शामूभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दंडावर पट्ट्याचे वळ अजून दिसत होते.

"तितं बी माजं नाव पुकाराल न्हवं?" त्यांनी हझ्झानांना विचारलं.